फुकटात आलेला स्नो ब्लोअर

फुकट मिळालेली वस्तू मी आधी उलटी करून बघतो. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. त्यामुळे शेजारच्या म्हाताऱ्याने आपला स्नो ब्लोअर ढकलत आणून आमच्या शेडपाशी उभा केला आणि "ठेवून घे, मला आता झेपत नाही" असं म्हणाला, तेव्हा मी तोंडाने थँक यू म्हटलं आणि मनात म्हटलं, यात काहीतरी गोम आहे.

गोम त्याने स्वतःच सांगितली. आमची दोन्ही घरं एकाच चढावर, आमचं खाली आणि त्याचं वर, आणि ड्राइव्हवे दोघांत मिळून एक. त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, बर्फ उपसायची डॉक्टरांची सक्त मनाई. आम्ही आमचा रस्ता साफ करताना तो त्याच्या दारापर्यंत करायचा, एवढीच अट. रस्ता बंद राहिला तर ॲम्ब्युलन्स वर चढणार नाही आणि हा गडी फावडं घेऊन स्वतःच बाहेर पडेल, हे तो बोलला नाही, पण ते न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. बायको म्हणाली, "किती साधा माणूस आहे." मी म्हणालो, "बघू."

न्यूझीलंडात आल्यावर आधी पामर्स्टन नॉर्थला राहायचो तेव्हा बर्फ लांबच्या डोंगरावर दिसायचा आणि छान दिसायचा. मग बायकोला साउथ आयलंडमधल्या या डोंगराळ गावात, वीजकेंद्रात नोकरी लागली, आणि घरबसल्या कोड लिहिणारा मी बर्फ उपसू लागलो. हिवाळाभर यंत्र गुणी लेकरासारखं वागलं. समोरचा बर्फ गिळायचं आणि वरच्या नळकांड्यातून बाजूला फेकायचं. ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या वसंतात, झाडांना फुलं आलेली असताना, अवचित पुन्हा बर्फ पडला आणि यंत्राने दगा दिला. सुरू व्हायचं, थोडं चालायचं, खोकायचं आणि बंद पडायचं. जरा थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच.

पहिला संशय पेट्रोलवर. पंपवाल्याने पाणी घातलं असणार म्हणून सगळी टाकी रिकामी केली, दुसऱ्या पंपावरून नवं आणून भरलं. फरक शून्य. मग स्पार्क प्लग बदलला. मग कार्ब्युरेटर खोलला, तर तो इतका स्वच्छ निघाला की मला त्याच्या स्वच्छपणाचाच संशय आला. अंधार पडल्यावर हात टेकले आणि घरात आलो.

सकाळी उठून पाहतो तर ताज्या बर्फात गमबुटांचे ठसे. म्हाताऱ्याच्या मागच्या दारापासून आमच्या शेडपर्यंत आलेले आणि तसेच परत गेलेले.

आई माझ्या मागे खिडकीशी उभी होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, आणि माझा स्वभाव कुणावर गेलाय हे तिच्याकडे पाहिलं की कळतं. "मी सांगत होते, शेडला कुलूप लाव," ती म्हणाली. "दिलेलं परत हवं असेल त्याला. फुकट देणाऱ्याला मागनं पस्तावा होतो."

"अहो आई, ते कशाला बिघडवतील?" बायको म्हणाली. "रस्ता बंद राहिला तर जिवावर त्यांच्याच बेतेल ना? आणि तू रे, तुला डेअरीवाला हसून गुड मॉर्निंग म्हणाला तरी संशय येतो."

मला ते पटलं. पण संशयाला कुठे पटतं? नेहमी "किया ओरा" असा इथला नमस्कार करत हात हलवणारा म्हातारा परवा नुसताच का बघत उभा होता, हेही मला तेवढ्यात आठवलं. दात-ओठ खात मी शेडमध्ये गेलो. यंत्र सुरू केलं, आणि ते खोकायला लागल्याबरोबर आत पेट्रोल तरी आहे का बघायला टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन एकदम खणखणीत चालायला लागलं. झाकण घट्ट केलं, पुन्हा खोकला. सैल केलं, पुन्हा खणखणीत.

म्हणजे टाकी हवेवाचून गुदमरत होती. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यावी लागते, आणि त्यासाठी झाकणाला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. ते मला दिसेना. त्या जागी लालभडक, वाळून कडक झालेला थर होता. काल पेट्रोल भरताना तो मी झाकणावरचा रंगच समजलो होतो. नखाने खरवडला तर कुंकू, आणि त्यात चिकटलेली अक्षत.

नुकतीच खंडेनवमी झाली होती. आईने घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा केली होती. लॉन मोअर, ड्रिल, माझा लॅपटॉप आणि शेडमधला हा. यंत्राला कपाळ नसतं, म्हणून तिने त्यातल्या त्यात वर आलेली गोल जागा बघून ओलं कुंकू लावलं होतं.

मी एकटाच मोठ्यांदा हसलो. टाचणीने भोक मोकळं केलं आणि विजयी वीरासारखा यंत्र घेऊन चढाला लागलो.

वळणाच्या पुढे रस्ता आधीच साफ होता. म्हातारा उलट्या बादलीवर बसला होता, फावडं शेजारी पडलेलं, चेहरा राखेसारखा, एक हात जॅकेटच्या आत. मी यंत्र बंद केलं आणि बायकोला हाक मारली. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. तो वाचला, हॉस्पिटलातून घरीही आला, हे आत्ताच सांगून टाकतो. पण त्या क्षणी ते मला माहीत नव्हतं. तरीही माझी खोड बघा, मी विचारलंच, "काल तुम्ही आमच्या शेडमध्ये आला होतात?"

"हो," तो धापा टाकत म्हणाला. "मशीन बंद पडताना ऐकलं. म्हटलं, दुरुस्त करून ठेवावं. झाकणाचं भोक बुजलंय हे कळलं. पण त्यावर ते लाल लावलेलं होतं, तांदूळ होते. तुझी आई त्याच्यापुढे हात जोडून उभी असलेली मी पाहिली होती. मग मी हात लावला नाही."

"मग मला विचारायचं होतं."

"तुमच्या देवाधर्माचं कसं विचारणार?"

आई एव्हाना साडीवर माझं जॅकेट आणि पायात गमबूट घालून चढ चढून आली होती. अंगावरची शाल काढून तिने त्याच्या खांद्यावर टाकली आणि मला विचारलं, "काय म्हणतायत ते?"

मी सगळं सांगितलं. मला माझी इतकी लाज वाटत होती की मी तिच्याकडे न बघता बोललो. तिने त्याच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग त्याच्याकडे बघत, त्याला मराठी कळत असल्यासारखी म्हणाली, "अहो, पुसून टाकायचं होतं. देव रागावला नसता."

मी ते इंग्रजीत सांगितलं.

"तेवढंच मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.