सगळे मोर एकाच प्रोजेक्टात

रविवारी सकाळी राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात माझी चांगलीच जिरली... म्हणूनच लिहिते.

मी साड्यांच्या काठांची डिझाइनं करते. कबनूर, इचलकरंजीचे मागवाले माझी गिऱ्हाइकं. काम फर्स्टक्लास, त्यात शंकाच नाही... पण लॅपटॉप म्हणजे उकिरडा! 'फायनल', 'नवी फायनल', 'हीच फायनल'...

मग एक एआय टूल घेतलं. म्हटलं, बाबा, हा पसारा आवर आणि नीट प्रोजेक्ट, म्हणजे वेगवेगळे कप्पे, पाड. त्यानं नक्षी बघून ढीग लावले... मोर एकीकडे, कोयऱ्या एकीकडे, चौकडे एकीकडे. तेही माझा चहा संपायच्या आत! मी नुसती हवेत.

त्यात यासीनचाचा यायचे होते. कबनूरला त्यांचे माग आहेत, आणि माझा धंदा सुरू झाला तो त्यांच्याच ऑर्डरवर. लग्नसराईच्या साड्यांना त्यांना मोराचा काठ हवा होता.

चाचा बसले. मी ऐटीत 'मोर' प्रोजेक्ट उघडला... स्क्रीनभर मोर! वाटलं, आता शाबासकी मिळणार.

चाचांनी एकदा बघितलं आणि चक्क भिंतीकडे मान फिरवली. "झाका ते आधी. ह्यात माझं नसल्यालं बी हाय."

मी नीट बघितलं. चाचांच्या मोरांशेजारी त्यांच्याच गल्लीतल्या दुसऱ्या मागवाल्या अण्णांचे नवे मोर... अजून मागावर चढायचे होते ते! आमच्या धंद्यात एकाचा काठ बाजारात येईपर्यंत दुसऱ्याच्या नजरेला पडू द्यायचा नाही. हे कुणी लिहून देत नाही, पण सगळे पाळतात.

"मी काय बघितलं न्हाय," चाचा भिंतीलाच म्हणाले. "पण माझंबी असंच कुणाला दिसत आसंल की, ताई. मग काम दुसरीकडं न्यावं काय?"

टूलवर ढकलून मोकळं व्हावंसं वाटलं... पण त्याला काय माहीत कबनूरची गल्ली! मी नुसतं 'आवर' म्हटलं होतं, कुणाचं कुणाला दिसू नये हे सांगितलंच नव्हतं.

स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि टूलला पुन्हा कामाला लावलं. नक्षी बघून नको, माणूस बघून लाव... ज्याचं त्याचं प्रोजेक्ट. मग एकेक फाइल स्वतः डोळ्याखालून घातली. चाचा तोवर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले होते, पार पाठ होईस्तोवर.

"चाचा, वळा आता." स्क्रीनवर फक्त त्यांचं काम, अगदी पहिल्या काठापासूनचं. बराच वेळ ते बघत राहिले. मग त्या पहिल्या काठावर बोट ठेवलं... "ह्योच घ्या. मोर बसवा ह्यात."

हुश्श!

पण मनाला चैन पडेना. संध्याकाळी अण्णांना फोन लावला आणि खरं ते सांगून टाकलं... तुमचे मोर माझ्या चुकीनं यासीनचाचांसमोर उघडले. आता शिव्या खायच्या, म्हणून डोळे मिटून बसले.

"चाचा व्हय?" अण्णा हसले. "मग काय काळजी न्हाय. त्येनी मान फिरवली आसंल."

मान फिरवल्याचं मी अजून सांगितलंच नव्हतं...

टूल झकास आहे, मी ते वापरणारच. पण अशी गिऱ्हाइकं मिळायला नशीब लागतं, आणि ते माझ्याकडे आहे.