मिस यूलालीचं गुड नाइट

मिस यूलाली हेलिगरच्या घरात कुणी न बोलता पाय टाकला, की ती हातातलं भांडं खाली ठेवायची. "बाहेर जा. परत ये. आणि या वेळी माणसासारखा ये."

आमच्या बेटावर, फ्रेडरिक्स्टेड गावात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी गुड आफ्टरनून, अंधार पडला की गुड नाइट. आमच्यात गुड नाइट निरोपाचं नाही, आल्या आल्या म्हणायचं असतं. आणि म्हटलं की थांबायचं. समोरच्यानं उत्तर दिल्याशिवाय पुढचा शब्द काढायचा नाही. उत्तर न देणं म्हणजे, माणसा, तू माझ्या लेखी मेलास.

एकदा स्टेट्समधून पक्षाचा एक बडा माणूस आला, भर उन्हात टाय लावून. सरळ आत घुसला आणि विचारतो, "संध्याकाळच्या सभेला किती लोक जमतील?"

"आधी बाहेर हो," मिस यूलाली म्हणाली.

"सॉरी?"

"आलास असा गुराढोरांसारखा? रस्त्यात जीभ पडली का तुझी?"

गडी खरंच उंबऱ्याबाहेर गेला. गुड आफ्टरनून म्हणाला, तिनं उत्तर दिलं, मग कुठे त्याला गार मोबीचा, झाडाच्या सालीच्या सरबताचा, ग्लास मिळाला. आम्ही हसून हसून मेलो.

आमच्या पक्षाची बेटावरची शाखा म्हणजे बेकरीवरची एक खोली आणि मिस यूलाली. अध्यक्ष वकील ओथनिएल. फोटोत तो, राबायला ती. दारोदार फिरायची, म्हाताऱ्यांना धरून मतदानाला न्यायची, सभेला मैद्याचे जॉनीकेक तळायची. आणि मिळायचं काय? आमचं बेट स्टेट्सच्या ताब्यातलं, पण राज्य नाही, म्हणून देशाचा अध्यक्ष निवडताना आमचं मत धरतच नाहीत. त्यांच्या सैन्यात आमची पोरं चालतात, मत चालत नाही. अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवायला दर चार वर्षांनी स्टेट्समध्ये अधिवेशन भरतं, तिथे तेवढी आमच्या शाखेला मतं आहेत. एकेका राज्याचं नाव पुकारतात, तसं आमचंही पुकारतात. अर्धं मिनिट माइक मिळतो. अख्खा देश टीव्हीवर बघत असतो. आमचा देशाशी संबंध तो एवढाच.

त्या अर्ध्या मिनिटावर मिस यूलालीचा डोळा होता, तो बहिणीसाठी. मोठ्या वादळात आमच्या हॉस्पिटलचं छप्पर उडालं, डायलिसिसची यंत्रं पाण्यात गेली. पेशंटना लष्करी विमानात घालून स्टेट्सला नेलं. त्यात तिची धाकटी बहीण अलीथा होती. "थोड्याच दिवसांचा प्रश्न," म्हणाले. वर्षं गेली. छपरावर निळी ताडपत्री तशीच. यंत्रं आज येतील, उद्या येतील, आलीच नाहीत. अलीथा तिकडच्या कुठल्याशा थंड शहरात, एका वृद्धाश्रमात, रोज फोनवर एकच विचारायची, "ताई, घरी कधी?"

बैठकीत वकील ओथनिएल म्हणाला, "माइकवर मी बोलतो. सोनेरी किनारे, निळा समुद्र, जगात भारी रम..."

"आणि हॉस्पिटल?" मी विचारलं.

"तो आनंदाचा सोहळा असतो रे. तिथे रडगाणं नको."

मी खुर्ची ढकलून उठलो. त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाली बेकरीतली गिऱ्हाइकं वर बघायला लागली. शेवटी मिस यूलालीनंच माझा दंड धरला. "बस खाली. ओथनिएल, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं?"

तिनं खरंच कधी काही मागितलं नव्हतं.

तर माइक तिला मिळाला. तिनं वाक्यं पाठ केली, मला म्हणून दाखवली. "माझी बहीण अलीथा तुमच्याकडे अडकली आहे. आमच्या बेटावर तिच्यासाठी यंत्र नाही. आम्हीही तुमचेच आहोत. तिला घरी येऊ द्या." मग मतांचा आकडा. बस्स.

ती तिकडे गेली, आणि अधिवेशनाच्या संध्याकाळी आम्ही तिच्याच अंगणात टीव्ही मांडला. सगळी गल्ली जमली. राज्यांमागून राज्यं गेली, टोप्या, ढोल, नाचणं. मग आमचं नाव आलं आणि पडद्यावर मिस यूलाली दिसली. चर्चला जायची पांढरी हॅट, पिवळा ड्रेस, हात माइकवर घट्ट.

"गुड नाइट," ती म्हणाली.

"गुड नाइट!" अख्खं अंगण ओरडलं. सवयच ती.

आणि ती थांबली. उत्तरासाठी.

त्या सभागृहात हजारो माणसं होती. एकाच्याही तोंडून शब्द नाही. मग कुठेतरी खसखस पिकली, ती पसरत गेली. त्यांना वाटलं, म्हातारी झोपायला निघाली. मिस यूलालीनं मान जरा पुढे केली, दारात उभं राहून आत कुणी आहे का बघतात तशी. आम्ही टीव्हीला ओरडत होतो, "बोला, मिस यूलाली! थांबू नका, बोला!"

व्यासपीठावरची, नावं पुकारणारी बाई हसत म्हणाली, "गुड नाइट टू यू टू, डिअर!" आणि आमची मतं तिनं स्वतःच वाचली. आकडा तिच्याकडे आधीच होता. मग पुढचं राज्य पुकारलं, "व्हर्जिनिया!" लगेच दुसरीकडे ढोल सुरू. पडद्याच्या कोपऱ्यात मिस यूलालीचे ओठ हलताना दिसले. माइक बंद होता.

अंगणात कुणी कुणाकडे बघेना.

दुसऱ्या दिवशी देशभर ती क्लिप फिरली. गोड आजी म्हणे. गोड!

परत आल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "अलीथाचा फोन आला होता. म्हणाली, ताई, मी दिलं ना उत्तर, मोठ्यानं दिलं, तुला ऐकू नाही आलं?"

अलीथा त्याच हिवाळ्याच्या तोंडावर गेली. घरी आली, पण पेटीतून. वकील ओथनिएलनं हार पाठवला, पक्षाच्या रंगाचा.

त्यानंतर काही दिवसांनी तो टायवाला बडा माणूस पुन्हा आला. बेटावरची निवडणूक तोंडावर होती, म्हाताऱ्यांना मतदानाला नेणारं माणूस हवं होतं. दिवेलागण झाली होती. मी तिथेच ओट्यावर बसलो होतो. या वेळी तो उंबऱ्याबाहेरच थांबला, हॅट काढली आणि नीट, मोठ्यानं म्हणाला, "गुड नाइट, मिस यूलाली."

बरोबर शिकला होता. आणि थांबला.

ती चुलीशी होती. तिनं ऐकलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. तिनं तवा उतरवला, पीठ झाकलं, हात पुसले. वळली नाही.

तो पुन्हा म्हणाला. मग माझ्याकडे बघायला लागला, मी काही सांगेन म्हणून.

मी काय सांगणार? तो दारात तसाच उभा राहिला, हॅट हातात घेऊन.