अप्पांचा पहारा आणि चार तारांची गिटार

असले गूढ अनुभव मी आजवर चहाबरोबर, हसायला म्हणून वाचत आलो. मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात माझं काम क्वालिटी तपासायचं. मोजून दाखवा, मग बोलू – असा आपला खाक्या. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना थोडी लाज वाटतेय... पण लिहिणार. चार महिने हे डोक्यात घेऊन फिरतोय.

आम्ही म्हैसूरचे, चार पिढ्यांपासून. घरी मराठीच बोलतो (पुण्याच्या पाहुण्यांना ते कानडी वाटतं), पिढीजात धंदा शिलाईचा. हिनकलला दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझे वडील, म्हणजे अप्पा, आमच्या विठ्ठल मंदिरातले जुने विणेकरी. मंदिरात दरवर्षी सप्ताह असतो. त्या सात दिवसांत वीणा क्षणभरही खाली ठेवायची नाही, कुणाच्या तरी गळ्यात ती वाजत राहिलीच पाहिजे. प्रत्येकाचा दोन तासांचा पहारा. वेळ झाली की देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. तसं झाल्याशिवाय पहारा सुटत नाही. अप्पांचा चार ते सहा. त्यांच्यानंतर तुळसीरामकाका – अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, कोट शिवण्यात उस्ताद.

गेल्या वर्षी संध्याकाळी पावणेसहाला, उभ्या उभ्याच, अप्पांना पॅरालिसिसचा झटका आला. विणेसकट कोसळले. विणेचा भोपळा फुटला. त्या गोंधळात काकांनी वीणा त्यांच्या गळ्यातून ओढून काढली आणि आम्ही अप्पांना हॉस्पिटलात नेलं. फुटकी वीणा नंतर कावेरीत सोडली.

अप्पा वाचले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पण शुद्धीवर आल्यापासून डाव्या हाताचं बोट चादरीवर फिरायला लागलं. एक, दोन, तीन, चार... पुन्हा एक. दिवसरात्र. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा दोष आहे, गोळ्या देऊ. गोळ्या झाल्या, बोट फिरतच होतं. कातडं सोललं म्हणून आईनं पट्टी बांधली, ती झिजली. डोळा लागला की बोट त्यांना जागं करायचं. झोपेवाचून माणूस किती दिवस टिकणार? माझे वडील माझ्या डोळ्यांसमोर संपत होते आणि मला काही करता येत नव्हतं, याचा मला भयंकर राग यायचा.

एकदा पट्टी बदलताना आई म्हणाली, "ते पहाऱ्यावरच आहेत रे अजून. नमस्कार करून कुणी घेतलीच नाही ना वीणा."

मला काही पटलं नाही. पण करून बघायला काय जातं? दुकानातून नवी वीणा आणली – अप्पांनी तोंड फिरवलं. मग फोनमधलं मागच्या सप्ताहाचं रेकॉर्डिंग लावलं. त्या जुन्या विणेचा आवाज आला आणि बोट अडखळलं. एकदाच, पण अडखळलं. बस्स, मला तेवढं पुरे होतं. पंधरा वर्षं गिटार वाजवतोय, हा आवाज मी काढणारच.

काकांकडे गेलो. म्हटलं, "गिटारमधून तो आवाज काढतो. तुम्ही घरी येऊन अप्पांकडून पहारा घ्या."

"गिटार? मी गळ्यात घालू?" काकांनी कात्री खाली ठेवली. "आगल्ल रे बाबा, जमायचं नाही ते. लोक काय म्हणतील, म्हातारा बँडमध्ये गेला?" मग कात्री पुन्हा उचलत म्हणाले, "तोच आवाज काढ, मत्ते बघू पुढचं. कान शाबूत आहेत माझे अजून."

तीन आठवडे ड्यूटीवरून आलो की तेच. विणेला चारच तारा, म्हणून गिटारच्या दोन काढून टाकल्या, उरलेल्या चार रेकॉर्डिंगशी जुळवल्या. विणेची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, रुंद असते, म्हणून आवाज घुमत राहतो. गिटारची अगदी पातळ. मग अप्पांच्या शिलाईच्या डबीतलं कोटाचं शिंगाचं बटण चपटं घासून तारांखाली सरकवलं, आणि प्रत्येक तारेखाली शिवणाचा दोरा. काळा दोरा, पांढरा, मेण लावलेला... सगळे झाले. आवाज पुष्कळ जवळ आला. फक्त जुन्या विणेचा एक खिळा सैल होता. तिसरी तार छेडली की मागून हलकंसं "किर्र" यायचं. ते काही केल्या येईना. अप्पांचं बोट फिरत राहिलं.

शेवटी काकांना एका रविवारी साडेपाचला बोलावलं, जे होईल ते होईल म्हणून. सकाळी दोरे आणि बटण काढून ठेवले; बटण आणखी थोडं घासायचं होतं. काका पाचलाच हजर. मी वाजवून दाखवायला गिटार उचलली, तर म्हणाले, "तू नको. पहारा त्याचा आहे, त्यालाच वाजवू दे."

आईनं उशा लावून अप्पांना बसतं केलं. मी पट्टा त्यांच्या गळ्यात घातला. बोट तारेवर आलं. एक. दोन. तीन – आणि "किर्र".

ती आमची जुनी वीणाच होती. तोच घुमारा, तोच खिळा. आईनं पदर तोंडाला लावला. काका सहा वाजेपर्यंत हात जोडून उभे राहिले. मग अप्पांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाले, "त्या दिवशी ओढून घेतली रे, शंकरा. चुकलं माझं. साकु, पुरे आता, दे इकडं."

अप्पांचा हात काकांच्या पायांसाठी चाचपडत होता. सत्तरीच्या काकांनी भिंतीचा आधार घेऊन पाय उचलला आणि पलंगाच्या कडेवर ठेवला. अप्पांनी त्याला हात लावला. मी पट्टा एका गळ्यातून काढून दुसऱ्या गळ्यात घातला. बोट थांबलं. दहा मिनिटांत अप्पा घोरत होते.

घेतलेली वीणा देवापुढे जाईपर्यंत खाली ठेवायची नाही, म्हणून काका गिटार गळ्यात घालून, वाजवत जिने उतरले, तसेच रिक्षात बसले आणि मंदिरात देवापुढे जाऊन त्यांनी ती ठेवली. लोक काय म्हणाले ते त्यांनी मला सांगितलं नाही.

त्या रात्री जेवताना आईनं शिलाई मशीनवरची डबी माझ्यापुढे ठेवली. "दोरे तर इथंच आहेत की रे."

बटणही होतं. घाईत मी काहीच लावलं नव्हतं. म्हणजे अप्पांनी वाजवली ती नुसती, साधी गिटार... घुमायचं तिला काही कारणच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत आणून तशीच वाजवून पाहिली. गिटारसारखीच वाजली. आम्ही तिघांनी भावनेच्या भरात चुकीचं ऐकलं, असं म्हणता येईल. मीही तेच म्हटलं असतं. पण प्रत्येक ट्रायल मी सवयीने रेकॉर्ड करायचो, तशी तीही केली होती. तिसऱ्या तारेमागे "किर्र" स्पष्ट ऐकू येतं. क्वालिटीवाला माणूस मी, शंभरदा तपासलं.

अप्पा अजून बोलत नाहीत, पण रात्रभर झोपतात, जेवतात. मागच्या महिन्यात राहवलं नाही म्हणून मी तीच गिटार पुन्हा त्यांच्या गळ्यात घातली आणि फोन रेकॉर्डिंगला लावला. अप्पांनी गिटारकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोट उचललं नाही. डाव्या हातानं पट्टा ओढून माझ्याकडे सरकवला... आणि माझ्या पायांकडे हात नेला.

सप्ताहातला चार ते सहाचा पहारा आता माझा.