लाल पडद्यातली पांढरी भुकटी

अक्का गेल्याचा फोन दुकानात आला तेव्हा मी गिऱ्हाइकाला त्याचा टीव्ही दाखवत होतो. तिचे यजमान, आमचे दाजी, एवढंच म्हणाले, "ये." डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. त्याला आता महिना होत आला.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. आम्ही मूळ बोदवडचे. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान जळगावच्याच पिंप्राळ्यात, तिचं घरही तिथलंच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रंगीत टीव्हीच्या निकामी पिक्चर ट्यूब दुकानामागे साचू लागल्या. एकदा ती म्हणाली, "यातला लाल रंग कशाचा असतो, ठाऊक आहे? इट्रियम आणि युरोपियम. दुर्मिळ धातू आहेत रे हे, आणि तू उकिरड्यावर टाकतोस!"

मग ती काचेच्या आतला थर खरवडून नेऊ लागली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो आम्लात टाकला की सडक्या अंड्यांचा वास सुटायचा. शेजारच्या वर्गांनी तक्रारी केल्या. दोन वर्षं काही जमेना... एके दुपारी तिने मला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेचे पडदे ओढले, थरातून वेगळ्या करून भट्टीत भाजलेल्या पांढऱ्या भुकटीवर जांभळा दिवा धरला. भुकटी कुंकवासारखी लाल पेटली. अक्का हसली नाही. "झालं," म्हणाली आणि खाली बसली.

ही बातमी धुळ्याच्या एका भंगार व्यापाऱ्यापर्यंत पोचली. त्याने शेड घेतली, ट्यूब गोळा केल्या, अक्काकडे शुद्धीकरणाची कृती मागितली. ती आधी काम बघायला गेली. मी सोबत होतो. दहा-बारा बाया उघड्या हातांनी काचा फोडत होत्या. पदरांवर, पापण्यांवर ती विषारी धूळ. एकीचं तान्हं तिथेच पोत्यावर निजलेलं.

"हातमोजे, धूळ ओढणारा पंखा आणि वेगळी खोली. त्याशिवाय कृती मिळणार नाही," अक्का म्हणाली.

व्यापारी म्हणाला, "मॅडम, एवढं करायचं तर धंदा कशाला करू?"

तान्ह्याची आई उठून आली. "बाई, काम बंद व्हयनं ते आम्ही काय खावानं? आम्हनं बठ्ठं पोट यानावरच शे."

अक्काने कृती दिली नाही. शेड बंद पडली. बाया कुठे कामाला लागल्या, ते कळलं नाही. अक्का पुढे दोनदा धुळ्याला त्यांना शोधायला गेली. ती आई काही सापडली नाही. दुसऱ्या खेपेला मी सोबत होतो; परतताना बसमध्ये तिने विचारलं, "मी चुकले का रे?" मी नाही म्हणालो. तिला ते पटलं असावं, असं मला वाटत नाही. तिने तो प्रयोग पुन्हा केला नाही.

परवा तिच्या घरी गेलो होतो. दाराबाहेर नळ आहे. कॉलेजातून आली की ती घरात पाऊल टाकण्याआधी तिथे कोपरापर्यंत हात धुवायची, मग कुणाला जवळ घ्यायची. दाजी कचेरीतून आले. सायकल लावली, बाह्या सारल्या आणि नळावर कोपरापर्यंत हात धुवू लागले. दिवसभर ते फक्त कागद हाताळतात. त्यांचं झाल्यावर मीही बाह्या वर केल्या.