कपाची गादी

नांदुऱ्याच्या स्टेशनकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला गफ्फारभाईंचं गादी-रजईचं दुकान लागतं. दुकान म्हणजे एक खोली, एक पिंजण्याची मशीन आणि हवेत इतका कापूस, की काळ्या डोक्याने आत गेलेलं गिऱ्हाईक पांढऱ्या डोक्याने बाहेर येतं. गफ्फारभाईंनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नाही. लहानपणी घोटा मोडला, तो वाकडाच बसला. पण नवजवान क्लबचा इतिहास विचारायचा तर याच माणसाला, असं गावात कोणीही सांगेल. न विचारताही ते सांगतात, ही गोष्ट वेगळी.

दोन हजार तीन, चार, पाच. लागोपाठ तीन कप! तेव्हा बीटी कापूस नवा नवा होता. बोंडअळी तोंड दाखवत नव्हती, जिनिंगवाले खुशीत होते, आणि खुशीतल्या माणसाकडून वर्गणी मागावी लागत नाही. पोरांना बूट आले, जर्सी आल्या. दिवाळीनंतर मोठ्या मैदानावर स्पर्धा भरायची, अकोल्या-भुसावळचे संघ यायचे. आणि त्यांना पुरून उरायचा एकटा देवानंद. शेजारच्या खेड्यातला पोरगा, दिवसभर जिनिंगमध्ये बोजे उचलायचा आणि संध्याकाळी असा पळायचा, की जणू दिवसभर झोपूनच होता.

गफ्फारभाईंकडे क्लबची दोन कामं होती. एक, गोलाची जाळी. ती त्यांनी स्वतः सुतळीने विणली होती, आणि प्रत्येक सामन्याआधी फाटकं-तुटकं पाहून सांधायचेही तेच. दुसरं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. माणिकरावांच्या शेतात सीतादही झाली, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्याची पूजा झाली, की त्यातला ओंजळभर कापूस दुकानात यायचा. तो हाताने पिंजून गफ्फारभाई लाल मखमलीची वीतभर गादी शिवायचे. कप जिंकला की त्या गादीवर बसून गावभर मिरवायचा. कप आपला पितळेचाच, पण थाट नवरदेवाचा.

हे माणिकराव म्हणजे क्लबचे दुसरे वेडे. शेती दहा एकर, आवाज वीस एकरांना पुरेल एवढा. मैदानावर भोंगा नसला तरी अडायचं नाही.

दोन हजार सहाची फायनल भुसावळच्या संघाशी होती. त्या सकाळी गफ्फारभाई जाळी बघायला गेले, तर पूर्वेकडच्या गोलाच्या जाळीला सुपाएवढं भोक! कोणाच्या तरी शेळीने सुतळी खाल्ली होती. काम अर्ध्या तासाचं. पण घरी गादीची झालर अर्धी राहिली होती, आणि चौथ्या कपासाठी झालर सोनेरीच हवी होती. त्यांची बायको शाहजादीभाभी दारातून ओरडल्या, “पहले जाली सी लो, मखमल कहीं भागी नहीं जा रही!”

पण ऐकतील तर ते गफ्फारभाई कसले. त्यांनी मनात हिशेब मांडला. आपली पोरं पूर्वेच्या गोलावर दुसऱ्या हाफात चढाई करणार. मग हाफटाइमला सांधू की भोक! झालर लागली. हाफटाइमही झाला. तेव्हा नवजवान एक गोलाने पुढे होता आणि गफ्फारभाई गादी डोक्यावर धरून मैदानाला चक्कर मारत होते. लोक शिट्ट्या मारत होते. सुई-सुतळी खिशात राहिली.

पुढे भुसावळने बरोबरी केली. शेवटची पाच मिनिटं उरली. देवानंदने उजवीकडून दोघांना चकवलं, फटका मारला आणि मारता मारता तोंडावर आपटला. चेंडू खांबाच्या आतून गोलात शिरला, भोकातून पार झाला आणि मागच्या लिंबाखाली जाऊन थांबला. जाळी हललीसुद्धा नाही. मलकापूरचे हिंमतराव रेफरी होते. त्यांना चेंडू गोलामागे दिसला, त्यांनी बाहेरचा इशारा केला. मग काय विचारता! माणसं मैदानात घुसली, खांब उपटले, चपला उडाल्या. त्या गोंधळात जाळी गुंडाळून कोण घरी घेऊन गेलं, हे कोणी पाहिलं नाही. खांब पुन्हा रोवून पेनल्ट्या झाल्या आणि नवजवान हरला.

त्यानंतर क्लबला ओहोटीच लागली. कापसावर लाल्या रोग आला, भाव पडले, वर्गणी आटली. कोणी सुरत गाठली, कोणी पुणं. देवानंदने खेळणंच सोडलं. तीन एकरांत राबायचं आणि जळगाव जामोदच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायची. मागे राहिल्या त्या गप्पा. दर डिसेंबरात फायनलच्या तारखेला जुनी मंडळी गफ्फारभाईंच्या दुकानात जमायची, माणिकराव सगळा सामना पुन्हा बोलून दाखवायचे, आणि शेवटी ‘आंधळ्या हिंमत्या’च्या नावाने खडे फोडून चहा व्हायचा. चहा देताना गफ्फारभाई कोणाच्या डोळ्यांत बघत नसत. अकरा वर्षं त्यांनी ते भोक छातीत सांभाळलं होतं. लाज वाटायची, पण गावाने तोंडावर थुंकलं तर, ही भीती लाजेपेक्षा मोठी होती.

दोन हजार सतराच्या डिसेंबरात मंडळी दुपारीच जमली. वेचायला शेतात काही राहिलंच नव्हतं. गुलाबी बोंडअळीने बोंडंच्या बोंडं पोखरली होती, माणिकरावांनी उभ्या कापसात रोटाव्हेटर घातला होता. “अळीले बीटी गोड लागून राह्यलं हो आता,” म्हणून ते स्वतःच हसले आणि सामना सुरू केला. हाफटाइमपर्यंत आले असतील, तेवढ्यात दारात ऑटो थांबला. सत्तरीचा एक उंच म्हातारा जुनी गादी ओढत आत आला.

“पिंजून मिळन का? नांदुऱ्यात लेकीकडे आलो. पाठ लय दुखते.”

गफ्फारभाईंनी त्यांना ओळखलं आणि त्यांच्या हातातली कात्री खाली पडली. मग माणिकरावांनीही ओळखलं.

“अरे, हा तर आंधळा हिंमत्या!”

दुकान उठून उभं राहिलं. कोणीतरी दाराशी आडवं झालं. देवानंद कोपऱ्यात कापसाच्या गाठोड्यावर बसला होता, तो तेवढा हलला नाही. हिंमतराव गादी सोडून ताठ उभे राहिले, पण त्यांची हनुवटी थरथरत होती.

“जे दिसलं ते देलं मी,” ते म्हणाले. “अकरा वर्सं झाली. नातवाच्या शाळेतली पोरं मले आंधळा म्हन्तात. आनखी काय पाह्यजे तुमाले?”

त्या थरथरत्या हनुवटीकडे पाहून गफ्फारभाईंच्याने राहवलं नाही. “त्याहीले काही बोलू नका,” ते मोठ्याने म्हणाले. “जाळीले भोक होतं. सकाळीच पाह्यलं होतं मी. सांधलं नाई. गादीची झालर लावत बसलो.”

मशीन बंद होती तरी कापूस हवेत तरंगत राहिला. माणिकरावांना आयुष्यात पहिल्यांदा शब्द सुचेना. हिंमतराव एक पाऊल पुढे आले. ते आता हात उगारणार असंच सगळ्यांना वाटलं.

“अकरा वर्सं तोंड काऊन नाई उघडलं?”

“भेलो, साहेब.”

हिंमतराव दुसऱ्या एका गाठोड्यावर बसकण मारून म्हणाले, “मीबी भेलोच. मॅचआधी जाळं तपासनं रेफरीचं काम. मी च्या पेत बसलो होतो. हे बायकोलेबी नाई सांगतलं कधी.”

तेव्हा देवानंद उठला. त्याचा चेहरा असा झाला होता, की गफ्फारभाईंनी मान खाली घालून माराची तयारी केली.

“चाचा, तुमी सोता पाह्यलं? आतून गेल्ता?”

“हाव बेटा. खांबाच्या हातभर आतून. भोकातून निंघाला, लिंबाखाली थांबला. गोल होता.”

“मी तं पडलो होतो,” देवानंद म्हणाला. “तोंडात माती. मले काहीच नाई दिसलं. सारे गोल गोल म्हने, म्हनून मीबी म्हनलो. पन मनात वाटे, मारलाच बाहेर असन. माह्यापायी कप गेला. म्हनून तं बूट काढून ठेवले.”

गफ्फारभाई रडू लागले. आपण कप घालवला याचं दुःख त्यांनी अकरा वर्षं केलं होतं. या पोराचा गोल आपल्या पोटात दडून बसला होता, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. शाहजादीभाभींनी पडद्याआडून सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या, पेटीच्या तळातून लाल मखमलीची गादी काढून आणली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली. झालर अजून सोनेरीच होती. गफ्फारभाईंनी ती देवानंदच्या पुढे धरली. देवानंदने नुसता हात ठेवला.

“थांबा,” हिंमतराव म्हणाले.

ते गुडघ्यावर हात टेकत उठले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. पाठ जेवढी सरळ होईल तेवढी केली, आणि उजवा हात लांब करून दुकानाच्या मध्यावर, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाकडे, रोखून धरला. मैदानावर हा इशारा मध्यरेषेकडे करतात.

“गोल,” ते म्हणाले.

माणिकरावांचा आवाज परत आला, आणि तो स्टेशनपर्यंत ऐकू गेला.