मार्थावन्संची जीप

अकोले तालुक्यातल्या डोंगरातून फोन आला, तेव्हा मी बेलापूरच्या घरी दूध तापवत होते. मार्थावन्संच्या शेजारणीचा आवाज. "आजी, सिस्टर गेल्या वं..." एवढंच बोलून ती रडू लागली. त्याला आता काही आठवडे झाले. मुलांनो, तुम्ही परदेशातून एकच विचारता, मार्थाआजीला या वयात डोंगरात एकटं का राहू दिलं? फोनवर सांगताना मला थकायला होतं. म्हणून लिहिते.

वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. नर्स होत्या, लग्न केलं नाही. भंडारदऱ्याच्या बाजूच्या वाड्यांवर त्यांनी बाळंतपणं केली आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिल्या. लोक बोलवायचे आणि जायला त्यांची जुनी पेट्रोल जीप होती. शेवटी तुमच्या बाबांनी अट घातली, जीप बंद पडू लागली की आत्यानं बेलापूरला यायचं. "गाडीनं दगा दिला की येते खाली," वन्सं म्हणाल्या. पुढे गाडीनं खरंच दगा द्यायला सुरुवात केली.

चढावर ती ठीक ओढायची. पण कुणाच्या दारात थांबली की स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर, इंजिन वरखाली व्हायचं आणि बंद पडायचं. बाबू मेस्त्री दर वेळी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवून द्यायचे. थोडे दिवस बरे जात, मग पेट्रोलचा वास, काळा पडलेला प्लग आणि पुन्हा गॅरेज. मी वन्संना न्यायला म्हणून वर गेले, तेव्हा दारात हेच चाललं होतं.

"मेस्त्री, नुसतं पाजतोयस हिला," वन्सं म्हणाल्या. "श्वास कुठनं घेते ते बघितलंस का?"

"सिस्टर, इंजान हाय ते. बाळंतीण न्हाई."

"बाळंतीण तुझ्या हाती दिली असती का मी?"

मेस्त्री हसले आणि बाटलीतलं पाणी कार्ब्युरेटरच्या बुडाशी हळूहळू सोडू लागले. एका कडेवर पाणी पडताच धडपडणारं इंजिन क्षणभर एकसारखं चाललं. पाणी ओसरलं, पुन्हा धडपड. "घावलं! हितनं हवा ओढतंय." बुडाचं पॅकिंग चिरलं होतं. इंजिनात जाणारी हवा कार्ब्युरेटरमधूनच जायला हवी, कारण तिथंच तिच्यात पेट्रोल मिसळतं. ही हवा फटीतून परस्पर आत शिरत होती. चढावर इंजिनाला इतकी हवा लागायची की तेवढ्याशा चोरीचा फरक पडत नसे. स्लोवर मात्र तेवढ्यानंच पेट्रोल कमी पडायचं. नवं पॅकिंग बसवल्यावर जीपनं काळा धूर सोडला, कारण आधी वाढवलेलं पेट्रोल आता जास्त होत होतं. मेस्त्रींनी कान देऊन स्क्रू मागे फिरवला, अगदी सावकाश... आणि जीप शांत चालू लागली. वन्संची बॅग मी भरून ओट्यावर ठेवली होती. त्यांनी ती उघडली, साड्या परत कपाटात लावल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, चहा घेऊन जा."

त्यानंतर त्या तिथं समाधानानं राहिल्या. मग ती सकाळ. त्या जीपमध्ये बसल्या, चालू केली, इंजिन गरम व्हायला ठेवलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. मी पोचले तेव्हा शेजारीण सांगत होती, "पैले गाडी बंद पडायची, सिस्टर वरडायच्या, आमी धावायचो. आता आवाज नीट येत हुता. वाटलं, निघायच्या तयारीत हायेत... कुनी बगितलंच न्हाई." डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, कुणी धावलं असतं तरी उपयोग नव्हता. मी ते मानते. बहुतेक वेळा मानते.

गाडी धड झाली होती आणि अट त्यांनी पाळली होती. मग मी कोणत्या तोंडानं त्यांना खाली आणणार? पॅकिंग चिरलेलंच राहिलं असतं, तर आज त्या माझ्या घरात खिडकीशी बसलेल्या असत्या, कुणाची वाट बघत. निदान असत्या तरी. पण ते बसणं त्यांच्याकडे कसं मागायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

जीप आता इथं अंगणात आहे. बॅटरी उतरू नये म्हणून सकाळी चालू करते आणि शेजारी खुर्ची टाकून बसते. इंजिन जराही अडखळत नाही. मनात येतं, आपण होऊन थांबेल... थांबत नाही. किल्ली फिरवायला मलाच उठावं लागतं.