पार्सलच्या काट्यावरचा युरोप

आमच्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसातले एक क्लार्क मला रोज भेटत, कारण माझी पुण्याची गाडी रोज लेट असे. त्यांना युरोप बघायचा होता, पाठीवर खाकी पिशवी टाकून. पिंपरीच्या नव्या कारखान्यातल्या एका गोऱ्या इंजिनिअरनं दिलेलं तिकडचं रेल्वे टाइमटेबल त्यांना तोंडपाठ होतं. पॅरिस, तिथून व्हिएन्ना, मग व्हेनिस. गावं मोजकी, मुक्काम ऐसपैस. फक्त गाडी बदलायची असली, की ते दोन तास जास्तीचे धरत.

"अहो, तिकडच्या गाड्या वेळेवर येतात," मी म्हणायचो.

"राव, रेल्वेत नोकरी तुमची की माझी?"

सरावासाठी रविवारी ते पिशवीसकट देहूला चालत जाऊन येत. सोमवारी ती पार्सलच्या काट्यावर चढे. दहा शेरांच्या वर भरली, की काहीतरी बाहेर निघे. आरसा गेला, तांब्या गेला, एकदा तर उशीही गेली. मी पोट धरधरून हसायचो.

एका सोमवारी पिशवीत जेवणाच्या दोन ताटल्या दिसल्या.

"दोन कशाला?"

"मग तुम्ही कशात जेवणार?" काट्यावरची नजर न काढता ते म्हणाले.

नेमकी त्याच दिवशी माझी गाडी वेळेवर आली. मी ती जाऊ दिली.